बंड्या, डावा कान गेला

सॅन अँटोनियो,
१८ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे बरे. साखर ताब्यात, गुडघा नाही.

लिहायचं कारण कान. डावा. तीन आठवडे झाले, उशीला डोकं टेकलं की आत रातकिडे सुरू. आपल्या पावसाळ्यातल्यासारखेच, फक्त हे पहाटेही गप्प बसत नाहीत. नाताळच्या सुट्टीत एका रँचवर डुकरांमागे गेलो होतो. (इथे रानडुकरांना ना हंगाम, ना मर्यादा. शेतकरी आपल्याकडच्याइतकेच वैतागलेत.) झुडपात खसखस कुठून येते ते ऐकायला कानावरचे मफ गळ्यात ओढले आणि डुकरीण समोर आल्यावर ते वर करायचं राहिलं. ३०८ रायफलची एकच गोळी. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, तो आधी जातो. डॉक्टरने हे सांगितलं आणि वर बिल दिलं.

तर आता सायलेन्सर घ्यावा का? हसू नकोस. सिनेमातलं 'फुस्स' हे खोटं. रायफलचा बार १६० डेसिबलच्या वर. सायलेन्सरचं नळकांडं लावलं की २० ते ३५ ने उतरतो, म्हणजे कानाला धोका सुरू होतो त्या १४० च्या आगेमागे. गोळी सेकंदाला ८०० मीटर पळते, आवाज ३४०. त्यामुळे हवेत चाबूक फुटायचा तो फुटतोच, त्याला नळकांडं काही करत नाही. म्हणजे मफ हवेतच. हे कळल्यावर निम्मा उत्साह गेला.

फिनलंड-नॉर्वेत शिकारी हे सर्रास वापरतात. इथे अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्याला मशिनगनच्या पंगतीत बसवलंय: ठसे, फोटो, चौकशी. २०० डॉलरचा कर तेवढा या १ जानेवारीपासून शून्य झाला, म्हणून हात शिवशिवतोय. पण माझ्या नळीला ते चढवायला आटे नाहीत, ते पाडून घ्यायला हवेत. टोकाला अर्धा किलो वजन आणि वीतभर लांबी वाढते, झुडपात अडकायला बरी. गोळी लागायची जागाही सरकते, म्हणजे नेम पुन्हा बसवा. तुला नेमाचं काय सांगतोय म्हणा! (सड्यावरचं ते डुक्कर तुझ्या हाकेने नाही, कुत्र्याने उठवलं होतं. मरेपर्यंत हेच म्हणणार.) फायदे म्हणजे धक्का कमी बसतो, दुसरी गोळी नीट जाते, सोबतच्याचं बोलणं ऐकू येतं, कुत्र्याचे कान वाचतात.

आणि मग आबांची ठासणीची बंदूक आठवते. परवाना शेतीसंरक्षणाचा, कागदावर फक्त डुकरं हाकलायला. रात्री बार झाला की आबा कोणाला बोलवायला जायचे नाहीत. धूर विरायच्या आत तुझी आजी पातेलं घेऊन खळ्यात, मागून अख्खी वाडी. वाटे पडायचे, पहिला वाटा विधवांच्या घरी. आवाज न करता मारायचं म्हणजे फासकी (तारेचा फास), आणि फासकीवाल्याला आबांनी कधी खळ्यात उभं केलं नाही. "बार नाय काढूक धीर, तर मटण कशाक खातंस?" आठवतं?

मी काही चोरटा नाही, फॉर्म भरून घेणार आहे. बायको म्हणते, कान वाचव आणि आबांना मध्ये आणू नकोस. बरोबर आहे तिचं. पण त्या रात्री डुकरिणीपाशी बॅटरी घेऊन उभा होतो. सत्तर किलोंची असेल. कानात नुसती शिट्टी. इतका मोठा बार झाला, आणि कोणी आलं नाही. रँचवाल्याच्या घरातला दिवासुद्धा लागला नाही. मग आवाज कमी केला काय आणि ठेवला काय, हा हिशोब मी कोणाला सांगू?

फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. बोटांचे ठसे राहिलेत.

तुझ्या आंब्याला मोहर कसा आहे? धाकटीचं ठरलं म्हणे, मला दुसऱ्यांकडून कळतंय, लाज वाटते. काकूंच्या डोळ्याचं काय झालं ते लिही.

रविवारी रात्री फोन कर. उजव्या कानाला लावीन.

तुझा,
बाबल्या