कॉट ठरवण्याआधी पलंग मोज

प्रिय राजा,

अनेक आशीर्वाद. येणाऱ्या बाळासाठी बघितलेल्या तिन्ही कॉटचे तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. तिन्ही देखण्या आहेत. पण यातली कोणती घ्यावी हे मी आज सांगणार नाही, कारण फोटोंत फक्त कॉट दिसते, तुमचा पलंग दिसत नाही. बेडसाइड कॉट, म्हणजे पलंगाकडची एक बाजू खाली घेता येणारी बाळाची खाट, ही एकटी वस्तू नसतेच. पलंगाला खेटून बांधली की मग ती पुरी होते, आणि तिच्यातला धोकाही बहुतेक त्या सांध्यावरच असतो. म्हणून आधी टेप घे आणि पलंग मोज.

जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत किती उंची भरते ते बघ. हल्लीच्या गाद्या जाड असतात आणि प्रत्येक कॉटची उंची ठरावीक टप्प्यांतच बदलते. सगळ्यात वरच्या टप्प्यावर लावूनही कॉट तुमच्या गादीपर्यंत पोचत नसेल, तर ती कितीही चांगली असो, तुमच्या कामाची नाही. पलंगाकडची बाजू खाली घेतल्यावरही तिथे एक ठेंगणा कठडा उरलाच पाहिजे. युरोपच्या २०१९ च्या मानकात तो बाळाच्या गादीपासून किमान १२० मिलिमीटर उंच असावा असं सांगितलं आहे. त्या कठड्याची वरची कड आणि तुमच्या गादीचा पृष्ठभाग एका पातळीत यायला हवेत. गादी कडेच्या वर आली तर तुमचं अंथरूण बाळाच्या अंगावर ओघळायला वाट मिळते. एक बाजू पूर्ण उघडी, बाळाची गादी थेट तुमच्या गादीला लागलेली, अशी रचना फोटोत फार गोड दिसते. ती मला मुळीच नको आहे. तू पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत तसंच काहीसं दिसतंय, नीट बघ.

मग पलंगाची कड बघ. काही पलंगांची लाकडी चौकट गादीच्या बाहेर बोटभर तरी येते. कॉट त्या चौकटीला टेकते आणि गादी आत राहते, म्हणजे मध्ये फट आयतीच तयार. खाली सामान ठेवायची पेटी असलेला पलंग असेल तर कॉटचे पाय आत सरकत नाहीत आणि पट्टा गुंडाळायलाही जागा मिळत नाही. काही कंपन्या अशा पलंगांसाठी वेगळा लांब पट्टा देतात, काही देत नाहीत. हे विकत घेण्याआधी विचार, खोकं फोडल्यावर नव्हे.

फटीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण लोकांची नजर नेमकी तिथेच चुकते. पलंग रिकामा असताना सगळं चपखल बसलेलं दिसतं. माणूस कडेला झोपलं की गादी दबते, तिची कड कॉटपासून सुटते आणि मघाशी नव्हती ती फट उघडते. म्हणून कॉट लावून झाली की सूनबाईला तिच्या नेहमीच्या जागी, कॉटकडे तोंड करून, कडेला आडवी व्हायला सांग. ती झोपलेली असताना तू सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरव. बोटं आत जायला नकोत. मग कॉट धरून जोरात बाहेर ओढून बघ. हलली तर पट्टे ढिले आहेत. पट्टा पलंगाच्या पार पलीकडच्या बाजूच्या चौकटीला घट्ट बसला पाहिजे. नुसता गादीखाली खोचून भागत नाही, गादी सरकली की तोही सरकतो.

आणि फट राहिलीच तर तिच्यात टॉवेल, चादर किंवा उशी कोंबू नकोस. कोंबलेलं कापड रात्रीतून सैल होतं आणि बाळाच्या तोंडाजवळ येतं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान अजून धरलेली नसते. तोंड कुठे दाबलं गेलं तर ते स्वतःहून मान उचलून वळवू शकेल याची खात्री नाही, आणि अशा वेळी मोठ्याने रडूही येत नाही. माझी सगळी नोकरी प्रसूती वॉर्डात गेली, तिथे आम्ही नव्या आयांना हेच पुन्हा पुन्हा सांगत असू. आवाज आला की मी जागी होईन, असं प्रत्येकीला वाटायचं. फट भरून येत नसेल तर कॉट पलंगाला जोडूच नका. चारही बाजू वर करून, पलंगापासून थोडी दूर, हात पोचेल अशी उभी करा. तीही उत्तम सोय आहे. बाळाने आईबाबांच्या खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, निदान पहिले सहा महिने, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. त्यासाठी कॉट पलंगाला चिकटलेलीच हवी असं नाही.

आता बाळाची गादी. ती हाताला कडक लागेल, पातळ वाटेल आणि तुला वाटेल की एवढ्याशा जिवाला हे टोचणार. टोचत नाही. तळवा दाबून उचल, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. मऊ गादीत बाळाचं डोकं रुततं, तोंड कुशीला वळलं की आजूबाजूला खळगा होतो आणि बाळ आपणच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. तिच्यातला प्राणवायू कमी कमी होत जातो. म्हणून कॉटबरोबर आलेली गादीच वापर, वर आणखी एक मऊ गादी घालू नकोस. गादी आणि कॉटची कड यांमध्ये दोन बोटांहून जास्त जागा नको. घट्ट बसणारी एक चादर, आणि बस. उशी नको, लोड नको, कडेचं मऊ अस्तर नको, खेळणी नकोत, सुटं पांघरूणही नको. थंडी असेल तर अंगात घालायची झोपायची पिशवी मिळते, ती मापाची घे. बाळाला उकडतंय का ते छातीला किंवा मानेमागे हात लावून बघायचं. हातपाय गार लागतात तसे लागू देत, त्यावरून ठरवू नये.

उशीवरून घरातली मोठी माणसं तुला नक्की सुनावतील, की उशी नसेल तर डोकं चपटं होईल. डोकं गोल करण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला आहे. चपटेपणाची काळजी रास्त आहे, पण तिला उपाय वेगळा आहे. बेडसाइड कॉटमधलं बाळ सतत आईच्या बाजूला तोंड करून झोपतं, त्यामुळे एकाच बाजूवर भार येतो. तर एका रात्री डोकं उशाकडे, दुसऱ्या रात्री पायथ्याकडे, असं आलटूनपालटून ठेव. दिवसा जागं असताना, तुम्ही समोर बसलेले असताना, थोडा थोडा वेळ पालथं घाल.

झोपताना मात्र उताणंच. दुपारच्या डुलकीलाही. कुशीवरसुद्धा नको, कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणं झोपवा अशी मोहीम निघाली, आणि पुढच्या वर्षांत दोन्ही देशांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. लोकांना भीती वाटते ती दूध वर आलं तर घशात अडकेल याची. प्रत्यक्षात उताणं झोपल्यावर श्वासनलिका वरच्या अंगाला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागेल. पालथं झोपवलं की हेच उलटं होतं.

यावरून आठवलं. तुझ्या तिसऱ्या फोटोखाली ‘दूध ओकणाऱ्या बाळांसाठी तिरकी करता येते’ असं लिहिलंय. ती सोय असलेली कॉट घेतलीस तरी ती सपाटच ठेव, आणि केवळ त्या सोयीसाठी एक पैसाही जास्त देऊ नकोस. तिरकं झोपवल्याने दूध ओकणं थांबत नाही. उलट बाळ घसरतं, हनुवटी छातीवर टेकते आणि बोरूएवढी श्वासनलिका दुमडते. अमेरिकेत २०१९ मध्ये असे सुमारे ४७ लाख तिरके झोपाळे एका मोठ्या कंपनीला परत मागवावे लागले, कारण त्यांत बाळं दगावली होती. २०२२ मध्ये तर दहा अंशांहून जास्त उतार असलेली बाळाच्या झोपेची साधनं विकायला तिथे कायद्यानेच बंदी आली. कडेला बांधायच्या मऊ गाद्याही त्याच कायद्याने गेल्या.

आता सूनबाईचं. बेडसाइड कॉटचं खरं सुख तिलाच आहे, विशेषतः सिझेरियन झालं तर. टाके ओले असताना अंग पिळवटून, वाकून बाळ उचलणं म्हणजे जीव जातो. शेजारच्या कॉटमधून ती आडव्या आडव्या बाळाला जवळ ओढून घेऊ शकते. पण पलंगाच्या तिच्या बाजूला कॉट घट्ट बांधली की तिची उतरायची वाट बंद होते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग रात्री बाथरूमला जायचं तर तिला पायथ्यापर्यंत सरकत जावं लागतं, किंवा तुला ओलांडून. आत्ताच, नववा लागण्याआधी, तिला त्या बाजूने उतरून बघू दे. पायथ्याशी कपाट किंवा उंच फळी असेल तर पलंग हलव. आणि तिला उठायला मदत करणं, कॉट सोडून पुन्हा बांधणं, हे रात्रपाळीचं काम तुझं, हे मी गृहीत धरते.

पाजून झालं की बाळ परत कॉटमध्ये. कधी पाजता पाजता तिचा डोळा लागेल, लागणारच. म्हणून रात्री पाजायला सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू देऊ नकोस. तिथे आईचा डोळा लागणं पलंगापेक्षाही जास्त घातक, बाळ गाद्यांच्या बेचक्यात सरकतं. पलंगावर पाजताना तिच्या आसपासची उशी आणि पांघरूण दूर कर. जाग येईल तेव्हा ज्याला येईल त्याने बाळ उचलून कॉटमध्ये ठेवायचं. तुमची दुलई मोठी असेल तर दोघांनी वेगळी वेगळी लहान पांघरुणं घ्या, म्हणजे ती कठड्यावरून पलीकडे जाणार नाहीत. पलंगावर तुमच्यापैकी कुणी नसेल तेव्हा कॉटची खाली घेतलेली बाजू वर चढवायची आणि ‘टक्’ आवाज येऊन अडकली ना ते बघायचं. झिपवाली असेल तर झिप शेवटपर्यंत. खिडकीच्या पडद्याची दोरी कॉटपासून लांब. खोलीत, घरात, कुणीही सिगारेट ओढायची नाही, पाहुणा कितीही जवळचा असला तरी.

तुझा मित्र त्यांची जुनी कॉट देतोय म्हणालास. घ्यायला हरकत नाही, पण तिचे सगळे स्क्रू, पट्टे आणि मूळ सूचनापत्रक हातात आल्याशिवाय नाही. पट्ट्याचं बकल हरवलं म्हणून दोरीने बांधलेली कॉट मला चालणार नाही. जाळी कुठे सैल किंवा फाटलेली नको. तिचं मॉडेल कंपनीने परत मागवलंय का ते नंबर घालून तपास. गादी मधे दबलेली असेल तर त्याच मापाची, त्याच कंपनीची नवी आण. बाळाच्या पायाला बांधायची, नाडी आणि रक्तातला प्राणवायू मोजणारी यंत्रं हल्ली मिळतात. तुला त्याने धीर येत असेल तर घे, पण त्यांनी धोका कमी होतो असं दिसलेलं नाही, आणि त्यांच्या भरवशावर वरच्या एकाही गोष्टीत ढिलाई नको.

चादर बदलताना गादी सरकते. तेव्हा पट्टे ओढून बघणं आणि सांध्यावरून हात फिरवणं हे रोज रात्री, दिवा मालवण्याआधी. चाकं असतील तर त्यांचे खटके दाबलेले आहेत ना तेही. सगळं मिळून मिनिटभराचंही काम नाही.

आणखी एक. ही कॉट थोड्याच महिन्यांची आहे. किती वजनापर्यंत चालते ते तिच्यावर लिहिलेलं असतं, बहुतेकींवर नऊ किलोच्या आसपास. पण वजन व्हायच्या आधीच बाळ कूस बदलू लागेल किंवा हातांवर भार देऊन छाती उचलेल, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात, कधी त्याही आधी. ज्या दिवशी ते हात आणि गुडघ्यांवर उठायची धडपड करताना दिसेल, त्या दिवसापासून ठेंगण्या कठड्याची कॉट बंद. ‘आजची रात्र काढू’ असं करायचं नाही. त्यामुळे उंच कठड्याची मोठी कॉट चौथ्या महिन्यातच आणून जोडून ठेव, आणि ती तुमच्याच खोलीत कुठे मावेल याची जागाही आत्ता पलंग मोजतानाच मोजून घे.

सूनबाईला आशीर्वाद सांग. पाय सुजतायत म्हणाली होती, डॉक्टरांना दाखवलं का ते कळव.

तुझी,
आई