फुगलेली बॅटरी कपाटात नको

महोदय,

रिमोटवरची विमाने आणि ड्रोन घरीच जुळवणाऱ्या आम्हा हौशी मंडळींच्या टेबलावर लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांचा ढीग असतो आणि त्या बहुधा रात्री, घरातले सगळे झोपल्यावर, चार्जिंगला लावल्या जातात. ही सवय सर्वांत घातक आहे. या बॅटरीतील प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढेही चार्जिंग चालू राहिल्यास आतील ज्वलनशील द्रावण तापून वायू सुटतो, बॅटरी फुगते आणि एका सेलच्या उष्णतेने शेजारचा सेलही पेटू शकतो. म्हणून प्रत्येक सेलकडे स्वतंत्र लक्ष ठेवणारा बॅलन्स चार्जरच वापरावा, उत्पादकाने स्पष्ट मुभा दिली नसेल तर २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला २.२ अँपिअरहून अधिक प्रवाह देऊ नये आणि चार्जिंग उघड्या फरशीवर, भुसा व थिनरपासून दूर, डोळ्यांसमोर करावे.

फुगलेली बॅटरी ‘अजून एक उड्डाण देईल’ म्हणून जपणारे आमच्यात कमी नाहीत (मीही त्यांतलाच होतो). टाचणी टोचून तिच्यातील वायू काढणे हा तर शुद्ध वेडेपणा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळीच द्यावी लागते. ती नेमकी कुठे द्यायची, हे पालिकांनी प्रभागवार जाहीर करावे, ही विनंती.

– एक हौशी वैमानिक, पुणे