कोऱ्या तिकिटातून आरपार मारलेली पिन

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार विभाग

विषय: शेरशाह सूरी, 1970, 20 पैसे, कोरं तिकीट खराब करून पाठवल्याबाबत

आज तुमच्या कार्यालयाशी पाचव्यांदा बोललो. आता फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

मी मागवलेलं तिकीट ‘कोरं, मूळ गोंदासह’ होतं. तुमच्याच पावतीवर तसं छापलंय. तिकिटाचे 60 आणि कुरिअरचे 90 रुपये आगाऊ घेतलेत. हाती आलं ते असं: पिशवीत सुटं तिकीट, आणि पिशवी बंद करायला मारलेली स्टेपलरची पिन तिकिटाच्या उजव्या कोपऱ्यातून आरपार. कडेचे तीन दात तुटलेत. पिनेला गंज होता, त्याचा तांबूस डाग मागच्या गोंदावर उतरलाय. तुम्ही तिकिटंच विकता ना? मग पिन कुठे मारू नये हे गंगाखेडहून मी शिकवायचं का?

आज फोनवरचे साहेब म्हणाले, “काका, पिन काढा आणि चिकटवून टाका, कोणाला दिसतंय?” मी म्हटलं, हे पाकिटावर लावायला घेतलेलं नाही. तर म्हणाले, “मग कशाला? त्यावर राजाचं तोंडसुद्धा नाही, नुसती इमारत आहे. शिवाजी महाराजांचं असतं तर समजलो असतो.” मागे कोणीतरी हसलं, ते मला स्वच्छ ऐकू आलं. ती ‘नुसती इमारत’ म्हणजे शेरशाहची वास्तू. तुम्ही ते तिकीट विकता, तुमच्या माणसाला एवढंही माहीत नसावं? महाराजांचं नाव पुढे करून माझं तोंड बंद करायची तर काहीच गरज नव्हती.

माझे वडील पोस्टमन होते. 22 मे 1970 ला, शेरशाहच्या मृत्यूला 425 वर्षं झाली म्हणून हे तिकीट निघालं, तेव्हा त्यांनी पगारातून एक घेऊन वहीत जपलं. ते सांगायचे, हा माणूस दिल्लीच्या तख्तावर पाचच वर्षं होता, 1540 ते 1545; तेवढ्यात त्याने रस्त्यावर दर दोन कोसांना सराई बांधली आणि सराईत बातमी पुढे न्यायला घोडे ठेवले. “आपल्या खात्याचा जुना माणूस” म्हणायचे त्याला. ज्या रुपयांत तुम्ही माझे पैसे घेतलेत, त्या रुपयाचं चांदीचं नाणंही त्यानेच पाडलं. गेल्या पावसाळ्यात गोदावरीचं पाणी घरात शिरलं, वहीचा लगदा झाला. त्या जागी ठेवायला हे तिकीट हवं होतं.

तुम्ही पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केलीत. नको मला. दहा वर्षं तुमच्याकडून तिकिटं घेतोय, चार जणांना तुमचं नाव सांगितलं. आज त्याची लाज वाटते. तिकिटाला पिन मारतात का हो?

पंधरा दिवसांत कोरं तिकीट, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून, पिन न मारता पाठवा, नाहीतर पूर्ण 150 रुपये परत करा. दोन्ही झालं नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. रक्कम लहान आहे म्हणून मी सोडून देईन, असं समजू नका.

आपला,
एक जुना ग्राहक, गंगाखेड

ता.क. पिन अजून काढलेली नाही. काढली तर कोपराच हातात येईल. दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत.