जुनी डिस्क जशी आहे तशीच राहू द्या

बंगळुरू

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

संगणक सुरू होत नाही हे कळल्यापासून त्यावरचे आपले बोलणे फोनवर तुकड्यातुकड्यांनी होत आहे. बाबा तिकडून पडद्यावरचे इंग्रजी वाचून दाखवतात, तोवर माझी इकडची मीटिंग सुरू होते आणि मुद्दा अर्धवट राहतो. म्हणून सगळे एकदा नीट लिहून काढायचे ठरवले. हे कागद टेबलावर समोर ठेवावेत आणि एकेक काम पुरे झाले की त्याच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी. पाकिटात कागदांबरोबर एक लाल पेन ड्राइव्ह आणि एक नवी एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी नव्या प्रकारची डिस्क) ठेवली आहे. त्या दोन्ही वस्तूंचे काय करायचे ते पुढे ओघाने येईलच.

सर्वांत आधी एक विनंती आहे, आणि बाकीचे काही जमले नाही तरी एवढी पाळावी : सीपीयू उचलून बाजारातल्या दुकानात देऊ नये. "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा," असे तो दुकानदार म्हणाला त्यात त्याची लबाडी आहे असे मी म्हणत नाही, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना तेवढेच हवे असते. परंतु "फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करतो, डी ला हात लावत नाही," हे त्याचे आश्वासन आपल्या घरी लागू पडत नाही. बाबा सगळे लेखन डेस्कटॉपवर ठेवतात, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही सगळी ठिकाणे दिसायला वेगळी असली तरी सी ड्राइव्हच्याच पोटात असतात. शाळेच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर आणि आईच्या भिशीचे हिशोब त्या एका फॉरमॅटमध्ये जातील. ऑपरेटिंग सिस्टिम उद्या पुन्हा टाकता येते, परवाही येते, आणि तिला पैसेही पडत नाहीत. बाबांचा मजकूर मात्र त्या एका डिस्कवाचून दुसरीकडे कुठेच नाही.

आता यंत्राला काय झाले असावे ते सांगते. बटण दाबल्यावर पंखा फिरतो, एक बारीक बीप होतो, मदरबोर्डाच्या कंपनीचे नाव दिसते, मग विंडोजचे निळे चिन्ह येऊन खाली "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" अशी ओळ उमटते, आणि थोड्या वेळाने सगळे बंद होऊन पहिल्यापासून तेच सुरू होते, असे बाबांनी सांगितले. एकच बीप होणे आणि पडद्यावर चित्र येणे हे चांगले लक्षण आहे. प्रोसेसर, रॅम आणि पडद्याची जोडणी यांची तपासणी यंत्र स्वतःच करून घेते आणि ती पार पडली की तसा बीप देते. रॅम काढून खोडरबराने घासावी असे ओंकार म्हणतो तो उपाय खरा आहे, पण तो बीपवर बीप होत राहतात आणि पडदा काळाच राहतो तेव्हाचा. आत्ता त्याची गरज नाही. आपल्या यंत्रात डिस्क वाचली जाते आहे, विंडोजचे चिन्ह येते आहे, आणि गाडी त्यापुढे अडते आहे. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली, डिस्कवरची काही जागा खराब झाली, किंवा मूळ सेटिंग बदलले, यांपैकी काहीतरी घडले असणार. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल तर मात्र पुढचे काहीही न करता वीज बंद करावी आणि मला फोन करावा, कारण त्या अवस्थेत दर वेळी चालू करण्याने डिस्क आणखी बिघडते.

सेटिंग बदलल्याचा संशय मला आईच्या बोलण्यावरून आला. आई, कोपऱ्यातले घड्याळ रोज जुनीच तारीख दाखवते आणि त्यामुळे जीमेल उघडताना सुरक्षिततेचा इशारा येतो असे तू दिवाळीत म्हणाली होतीस. ते कारण अगदी बरोबर होते. मदरबोर्डावर सीआर २०३२ नावाची गोल, चपटी, तीन व्होल्टची बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे आणि यंत्राची मूळ सेटिंगे लक्षात ठेवणे हे तिचे काम. संगणक २०१३ मध्ये घेतला तेव्हापासून ती कोणी बदललेली नाही. ती संपली की केवळ तारीखच मागे जाते असे नव्हे, तर डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे हे ठरवणारे साटा मोडचे सेटिंगही कारखान्यातल्या स्थितीत जाऊ शकते. आपल्या यंत्रात ते एएचसीआय असे ठेवलेले होते. ते परस्पर आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचे, झाले असेल तर विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखता येत नाही आणि दुरुस्तीचे हे चक्र सुरू होते.

म्हणून पहिले काम बॅटरीचे. ती घड्याळवाल्याकडे मिळते. प्लग भिंतीतून काढावा, सीपीयूचे बटण एकदा दाबून सोडावे म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, आणि मग बाजूचे झाकण काढून बॅटरी बदलावी; अक्षरे कोरलेली बाजू वर राहिली पाहिजे. नंतर यंत्र चालू करून लगेच डिलीट हे बटण दाबत राहिले की बायोसचा, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगांचा, पडदा येतो. तेथे तारीख व वेळ दुरुस्त करावी, साटा मोड एएचसीआय करावा, आणि एफ १० दाबून बाहेर पडावे. एवढ्यावर विंडोज सुरू झाले तर उत्तमच, पण तरीही पुढचे दोन टप्पे टाळू नयेत, कारण बारा वर्षांहून जुन्या हार्डडिस्कवर विसंबून राहण्यात शहाणपण नाही.

दुसरे काम मजकूर बाहेर काढण्याचे, आणि लाल पेन ड्राइव्ह त्यासाठी आहे. तिच्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम मी भरून ठेवली आहे. तिची सोय अशी की डिस्कवर काहीही न लिहिता ती थेट पेन ड्राइव्हवरून चालते. पेन ड्राइव्ह लावून यंत्र चालू करावे, कंपनीचे नाव दिसताच एफ १२ दाबावे, यादीतून पेन ड्राइव्ह निवडावी, आणि पुढच्या पडद्यावर पहिलीच ओळ निवडून एंटर करावे. दोन-तीन मिनिटांत एक साधा, विंडोजसारखाच डेस्कटॉप समोर येईल. त्यावर "इन्स्टॉल" असे लिहिलेले चिन्ह दिसेल. त्याला आत्ता अजिबात हात लावायचा नाही. मग लग्नाचे व्हिडिओ ठेवलेली काळी एक्स्टर्नल हार्डडिस्क जोडावी आणि जुन्या डिस्कच्या सी ड्राइव्हमधले "युजर्स" फोल्डर उघडून त्यातले बाबांच्या नावाचे फोल्डर शोधावे. ही डिस्क फक्त वाचता येईल, तिच्यावर लिहिता येणार नाही, असा संदेश आला तर घाबरू नये. विंडोज नीट बंद झालेले नसले की असे होते, आणि आपल्याला तर वाचायचेच आहे.

नक्कल करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाबांचे वर्डचे दस्तऐवज आणि आईच्या एक्सेलच्या फायली, त्यानंतर छायाचित्रे, आणि व्हिडिओ अगदी शेवटी. मोठ्या फायली आधी घेतल्या आणि डिस्कने मध्येच दम तोडला, तर लहान पण मोलाच्या गोष्टी आतच राहतात. "कट" करू नये, नेहमी "कॉपी" करावे. आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत "फॉन्ट्स" नावाचे फोल्डर आहे, तेही संपूर्ण उचलून घ्यावे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण बाबांच्या लेखनाचा जीव त्या फोल्डरात आहे.

त्याचे कारण जरा विस्ताराने सांगते. बाबा इतकी वर्षे श्री-लिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेखन करत आले आहेत, आणि स्मरणिकेच्या फायली श्री-देव-०७१४ या फॉन्टमध्ये आहेत. त्या काळच्या अशा फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी "क" हा "क" नसतो. इंग्रजी अक्षरांसाठी व चिन्हांसाठी ठेवलेल्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. फॉन्ट हजर असला तर मराठी दिसते आणि नसला तर त्याच ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरांची व टिंबांची खिचडी दिसते. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही, आणि पुष्कळ लोक अशा वेळी "फाइल करप्ट झाली" म्हणून ती पुसून टाकतात. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून उघडल्यावर बाबांचे लेख वेडेवाकडे दिसले तर तो बिघाड समजू नये. तो फॉन्ट नव्या यंत्रात बसवला की मजकूर पूर्ववत दिसेल, आणि पुढे मी हळूहळू तो सगळा युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलून देईन, म्हणजे तो कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवरही वाचता येईल. खुद्द श्री-लिपी लिनक्सवर चालत नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवते. परंतु बाबांची बोटे इनस्क्रिप्टला सरावलेली आहेत, आणि ती केंद्र सरकारने प्रमाण ठरवलेली कळरचना असल्यामुळे मिंटमध्येही अक्षरे जवळपास सगळी त्याच कळांवर सापडतील.

नक्कल पुरी झाली की एक्स्टर्नल डिस्कवरच्या चार-पाच फायली उघडून पाहाव्यात आणि मगच यंत्र बंद करावे. यानंतर जुनी हार्डडिस्क फॉरमॅट करायचीच नाही. तिच्या दोन्ही केबली काढायच्या, त्याच केबली पाकिटातल्या एसएसडीला लावायच्या, आणि जुनी डिस्क तशीच बाजूला काढून ठेवायची. एसएसडी आकाराने लहान असल्याने जुन्या जागेत तिचे स्क्रू बसणार नाहीत, पण आत फिरणारा कोणताच भाग नसल्यामुळे ती चिकटपट्टीने कॅबिनेटला अडकवली तरी चालते. या अदलाबदलीचा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा म्हणजे इन्स्टॉल करताना चुकीचे बटण दाबले गेले तरी पुसण्यासारखे आत काही नसेल. शिवाय त्याच प्रोसेसरवर आणि त्याच चार जीबी रॅमवर संगणक पूर्वीपेक्षा कितीतरी चपळ वाटेल, कारण आजवर तो खरा रखडत होता तो डिस्कपायी.

विंडोजच का नको, असे बाबा विचारतील. विंडोज १० पुन्हा टाकता येते आणि आपला परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असल्यामुळे तो आपोआप लागूही होतो, पण मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे आणि जादा मुदतीची सोय तात्पुरती आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आपला आय ३ तिसऱ्या पिढीचा आहे. दुकानदार नियम चुकवून ११ टाकून देईल, किंवा क्रॅक केलेली प्रत देईल. ज्या यंत्रावरून पेन्शनचे खाते पाहायचे त्यावर अँटिव्हायरस बंद करून चालणारे असले काही मला नको आहे. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतील, ते मोफत आहे, आणि दोन जीबी रॅमवरही चालते. आईच्या एक्सेलच्या फायली त्यातल्या लिबरऑफिसमध्ये उघडतील, आणि व्हॉट्सॲप वेब फायरफॉक्समध्ये चालेल.

इन्स्टॉल करण्याचे काम सोपे आहे. पुन्हा पेन ड्राइव्हवरून चालू करून आता ते इन्स्टॉलचे चिन्ह दोनदा टिचकावे. भाषांच्या यादीत मराठी आहे, पण सध्या इंग्रजी ठेवावी, म्हणजे फोनवर आपण एकाच शब्दात बोलू. मल्टिमीडिया कोडेक्सच्या (गाणी-व्हिडिओ चालण्यासाठी लागणाऱ्या भागांच्या) चौकोनात खूण करावी, "इरेझ डिस्क" निवडावे (येथे फक्त कोरी एसएसडीच असणार), वेळेसाठी कोलकाता निवडावे, आणि नाव व पासवर्ड देऊन तो पासवर्ड कॅलेंडरवर नव्हे तर बाबांच्या डायरीत लिहावा. शेवटी पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगितले जाईल.

शनिवारी ओंकारला सुटी असते, त्याला सकाळीच बोलवावे. आई, तू मोबाइल आडवा धरून व्हिडिओ कॉल लाव, म्हणजे मला पूर्ण पडदा दिसेल. त्याआधी दोन कामे करून ठेवावीत. यूपीएस वीज गेल्यावर किती वेळ टिकतो ते पाहावे आणि लगेच मान टाकत असेल तर त्याची बॅटरी आधी बदलून घ्यावी, कारण इन्स्टॉल चालू असताना वीज जाणे परवडणार नाही. आणि प्रिंटरच्या मागच्या पट्टीचा स्पष्ट फोटो मला पाठवावा. त्याचे ड्रायव्हर मी आधीच शोधून ठेवते.

तुमची,
वैशाली