हर्णै बंदरातून एका वाचा-उपचारतज्ज्ञ मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपले नाव या पत्रात घातलेले आपल्याला आवडले नसते, म्हणून ते घातलेले नाही. पत्र मात्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे अशी माणसे कोकणपट्टीतल्या कितीतरी घरांत आहेत आणि ‘बोलणे गेले ते गेले’ असे मानून ती घरे थांबून राहिली आहेत. आपण माझ्या वडिलांसाठी काय केलेत आणि कशाच्या आधारावर केलेत, हे त्यांच्यापर्यंत पोचावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

बाबा हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पुकारत असत. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित झाला, उजवा हात लुळा पडला आणि तोंडात ‘हां रे’ एवढेच उरले. भूक लागली तरी ‘हां रे’, राग आला तरी ‘हां रे’. डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला, त्याबद्दल आम्ही जन्मभर ऋणी आहोत. परंतु बोलण्याविषयी, पहिल्या सहा महिन्यांत जेवढे परत येईल तेवढेच, असे आम्हाला सांगण्यात आले होते आणि आपल्याकडे येईपर्यंत तो काळ उलटून गेला होता. गावातली माणसे त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत, जणू कान गेले आहेत, किंवा त्यांच्यादेखतच आम्हाला विचारत, ‘ह्यांना कळतं का काही?’

पहिल्याच भेटीत आपण त्या प्रश्नाचे उत्तर बाबांसमोर आणि बाबांकडे पाहत दिलेत. याला वाचाघात म्हणतात, पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना तो होतो, आणि त्यात बुद्धी शाबूत राहून शब्दांपर्यंत पोचण्याची वाट तेवढी अडते, हे आपण समजावलेत. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरांनी तपासलेला जो रुग्ण केवळ ‘टॅन’ एवढेच बोलू शकत असे, त्याची हकीकतही सांगितलीत. दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाचे तरी असेच झाले होते आणि तेव्हापासून माणसे या गोष्टीचा अभ्यास करीत आहेत, एवढे ऐकूनच आईचा चेहरा बदलला होता.

तपासणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या कामाची रीत मला तिथे प्रथम दिसली. चित्रे पाहून नावे सांगण्याच्या प्रसिद्ध बोस्टन चाचणीत ६० चित्रे असतात आणि त्यांत इग्लू व बीव्हर (एक परदेशी प्राणी) हेही आहेत. ज्या माणसाने बर्फाचे घर कधी पाहिले नाही त्याला त्याचे नाव आले नाही, तर त्यावरून त्याच्या मेंदूविषयी काय ठरवायचे, असे म्हणून आपण ती चित्रे बाजूला ठेवलीत आणि विळी, नांगर, जाळे, शहाळे, पापलेट, सुरमई यांचे फोटो आमच्याकडूनच काढून घेतलेत. बोलीतला शब्द आला तर तो बरोबरच धरायचा, असे वहीत लिहून ठेवलेत. त्याच वेळी, अशा बदललेल्या चित्रांवरचे गुण परदेशातल्या आकड्यांशी ताडून पाहता येणार नाहीत, बाबांची तुलना फक्त बाबांशीच होईल, हेही आपण स्पष्ट केलेत. एवढी काटेकोर सचोटी मी क्वचितच पाहिली आहे.

संशोधनाबद्दल आपण आमच्याशी नेहमी असेच बोललात. मी प्राथमिक शिक्षिका असल्यामुळे खूप प्रश्न विचारीत असे, आणि आपण एकदाही कंटाळला नाहीत. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यात उपचारांच्या ५७ चाचण्या आणि तीन हजारांवर लोक एकत्र पाहिले गेले व वाचा-उपचाराने रोजच्या संवादाला, वाचनाला आणि लेखनाला फायदा होतो असे दिसले. उपचार अधिक दाट, म्हणजे आठवड्याला जास्त तास, असेल तर फायदा वाढू शकतो, पण मध्येच सोडून जाणारेही वाढतात, हे आपण लगेच जोडलेत. सहा महिने उलटून गेल्याची आमची भीती जर्मनीतल्या २०१७ च्या अभ्यासाने कमी झाली. तिथे १९ केंद्रांतल्या १५६ जणांना, ज्यांचा वाचाघात सहा महिन्यांहून जुना होता, आठवड्याला किमान दहा तास असे तीन आठवडे उपचार मिळाले आणि त्यांचे बोलणे सुधारले. मात्र ते सर्व सत्तरीपर्यंतचे होते आणि बाबा सत्तरी ओलांडलेले, म्हणून तेवढेच यश मिळेल असे वचन देता येणार नाही, असे आपण म्हणालात. मॅडम, आशा वाटावी अशी गोष्ट तिच्या मर्यादेसकट सांगणे किती अवघड असते, याची मला कल्पना आहे. आमचा विश्वास बसला तो त्या मर्यादेमुळेच.

आठवड्याला दहा तास हर्णैहून येऊन-जाऊन जमणारे नव्हते. म्हणून आपण व्हिडिओ कॉलवर वेळ दिलात आणि उरलेला सराव घरच्यांवर सोपवलात. सुरमईचे नाव अडले, की तिच्या भोवतालचे विचारायचे: कुठे मिळते, अंगावर पट्टे असतात का, तुकड्या करतात की अख्खी शिजवतात, भाव पापलेटच्या वर की खाली. बाबा मानेने, हाताने, अर्ध्या शब्दाने उत्तरे देत आणि पुष्कळदा त्या उत्तरांच्या मागोमाग नाव येत असे. ‘पाच’ म्हणा म्हटले तर त्यांना म्हणता येत नसे, पण एकापासून सुरुवात करून दिली की आकडे ओळीने वीसपर्यंत जात. पाठ झालेल्या ओळी मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतात, हे आपण दाखवून दिलेत आणि हव्या त्या आकड्यावर थांबण्याचा सराव त्यातूनच बसवलात. ज्याने आयुष्यभर भाव पुकारले त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

आणि तरीही, घरी शब्द पक्के झाले म्हणजे गप्पा जमतील असे नाही, हे आपण आधीच बजावले होते. ब्रिटनमधल्या २०१९ च्या मोठ्या चाचणीत २७८ जण होते. संगणकावर घरी सराव करणाऱ्यांचे निवडलेले शब्द सुधारले, पण त्यामुळे संभाषण सुधारल्याचे दिसले नाही. आपण यातून काढलेला मार्ग आमच्या बंदराला कायमचा उपयोगी पडला आहे. कॅनडातल्या ऑरा केगन यांच्या पद्धतीप्रमाणे समोरच्या माणसालाच शिकवायचे असे आपण ठरवलेत, आणि त्यासाठी वेळ निवडलीत ती १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीची, जेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि बाबांचे सोबती घरी असतात. वीज जाई, रेंज जाई, पाऊस पत्र्यावर एवढा वाजे की काही ऐकू येत नसे, तरी आपण पुन्हा पुन्हा फोन लावून त्या दर्यावर्दी माणसांना आमच्या पडवीत शिकवलेत: एका वेळी एकच प्रश्न, मुख्य शब्द पाटीवर लिहायचा, ‘होय’ आणि ‘नाही’ लिहून समोर ठेवायचे, घाई करायची नाही, वाक्य त्यांच्या वतीने पुरे करायचे नाही, आणि ‘तुम्हाला ठाऊक आहे हे मला माहीत आहे’ असे तोंडाने म्हणायचे. नारळी पौर्णिमेपर्यंत त्या माणसांची बोलण्याची रीतच बदलली होती. बाबा पुन्हा बंदरावर जाऊ लागले ते या सोबत्यांमुळे.

लिलाव ते आता पुकारीत नाहीत, पुढेही पुकारतील असे मला वाटत नाही. दोन-तीन शब्दांची वाक्ये होतात, क्रियापदे बहुधा गळतात, दमले की ‘हां रे’ परत येते. परंतु भाव चुकीचा लागत असेल तर ते आकडा सांगतात, आणि लोक ऐकतात.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या वाचा व भाषा दिव्यांगत्वाचाही समावेश आहे, ही माहितीही आम्हाला आपल्याकडूनच मिळाली. तोवर हात लुळा पडला एवढेच आम्ही अपंगत्व समजत होतो.

बाबांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण अभ्यासासाठी वापरण्याची परवानगी आपण मागितलीत, तेव्हा संमतीपत्र मोठ्या अक्षरांत, चित्रांसह, एका पानावर एकच गोष्ट अशा रीतीने तयार करून आणले होतेत आणि मी सही करायला पुढे झाले असता, ती त्यांची आहे, असे म्हणून मला थांबवलेत. त्यांनी डाव्या हाताने सही केली. त्यानंतर त्यांनी एक गोष्ट आम्हाला बऱ्याच प्रयत्नांनी सांगितली आहे आणि ती आपल्याला कळवायची आहे: शेजारच्या पाजपंढरीत वाचा गेलेला कोणी असेल, तर सरावाचे फोटो, पाटी आणि सोबती घेऊन तिथे जायला ते तयार आहेत. आपण म्हणाल तो दिवस आम्ही ठरवू.

आपली कृतज्ञ,
हर्णैची एक शिक्षिका