शूलपाणीच्या झाडीतल्या चुलींसाठी आवाहन

ठाणेकर बंधू-भगिनींनो, नर्मदे हर!

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला की ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला माणसं निघतील. त्यात नौपाड्यातली, वर्तकनगरातली, कळव्यातली आपली मंडळीही असतील. येऊरच्या रस्त्यावर भल्या पहाटे पाठीवर ओझं घेऊन चालण्याचा सराव करताना तुम्ही त्यांना पाहिलंही असेल. पण हे आवाहन त्यांच्यासाठी नाही. ती ज्या घरांत जेवणार आहेत, त्या घरांसाठी आहे.

नर्मदामैया उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालं की बडवानीजवळच्या राजघाटानंतर शूलपाणीची झाडी लागते. सातपुड्याचे अंगावर येणारे चढ, साग-मोहाचं रान, पायवाट कुठे फुटेल ते कळत नाही, आणि दिवसदिवस चाललं तरी दुकान नाही. यातला मोठा भाग आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत आहे. एके काळी इथे भिल्ल 'मामा' परिक्रमावासीला लुटायचे. अंगावर लंगोटी तेवढी ठेवायचे. जुनी माणसं म्हणतात, मैयाच मामांच्या हातून आपला अहंकार उतरवून घ्यायची. आम्हाला वाटतं, त्या लुटीमागे भूकही होती. पुढे सरदार सरोवराचं पाणी चढलं. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं, देवाला गोरा गावी नवं मंदिर मिळालं. मणिबेलीसारख्या गावांची नदीकाठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. ज्यांनी डोंगर सोडला नाही, त्यांच्या वाट्याला उतारावरची दगडगोट्यांची शेती आली.

आणि आज त्याच झाडीत कोणी लुटत नाही. संध्याकाळी दारात उभं राहून "नर्मदे हर" म्हटलं की आतून विचारतात, "कितने मूर्ती?" परिक्रमेत माणसं मूर्ती म्हणून मोजतात.

आम्ही सात मूर्ती होतो. अंधार पडत आलेला. बाईंनी आसन लावायला ओसरी झाडून दिली आणि मुलाला काहीतरी सांगून बाहेर पाठवलं. तिकडे घरं एकमेकांना लागून नसतात, प्रत्येकाचं घर आपापल्या टेकाडावर. तासाभराने पोरगा गमछात काहीतरी बांधून परतला, मग भाकऱ्या थापल्या गेल्या, सोबत उडदाची डाळ. भुकेपोटी आम्ही पोटभर जेवलो. सकाळी निघताना चुलीशेजारी पिठाचा डबा पालथा घातलेला दिसला, तेव्हा गमछात काय होतं ते कळलं. पैसे पुढे केले तर बाई म्हणाल्या, मैयाच्या माणसांकडून कसे घ्यायचे?

मार्गशीर्ष-पौषात वाटेवर गर्दी असते. मुक्कामाच्या घरांत एकापाठोपाठ एक तुकड्या येतात. सदावर्त, म्हणजे फुकट शिधा-जेवण, चालवणारे आश्रम आहेत, पण दोन आश्रमांमधला चढ संपेपर्यंत दिवस मावळतो, आणि मग भार पडतो तो या घरांवर.

म्हणून यंदा परिक्रमा करून आलेल्या आम्ही ठाणेकरांनी ठरवलंय, की तुकड्या झाडीत पोचायच्या आत तिथल्या घरांत शिधा पोचवायचा. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, गूळ, मीठ, गोडेतेल, चहापावडर द्या. सातपुड्यात थंडी बोचरी असते, तेव्हा नवी कांबळी द्या. बॅटऱ्या आणि साध्या मलमपट्टीचं सामानही लागेल. पोटात घ्यायची औषधं मात्र नकोत, ती डॉक्टरांविना वाटणं धोक्याचं आहे.

जुने कपडे कृपा करून देऊ नका. देणाऱ्याला जे टाकायचं असतं ते घेणाऱ्याच्या गळ्यात घालणं आम्हाला पटत नाही. गोळ्या-बिस्किटंही नकोत. परिक्रमावासींनी वाटलेल्या गोळ्यांमुळे पोरं हात पसरायला शिकली आहेत, आणि कागद झाडीत पडून राहतात. मुलांसाठी वह्या, पाट्या, पेन्सिली द्या. त्या आम्ही शाळेत गुरुजींच्या हाती सोपवू.

रोख रक्कम आम्ही घेत नाही. आमचं मंडळ नोंदणीकृत नाही, त्यामुळे करसवलतीची पावतीही मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यांना वाणसामान उचलून आणणं जमत नाही, त्यांनी जांभळी नाक्याच्या बाजारात आपल्या ओळखीच्या दुकानात पैसे भरून सामान बांधून ठेवायला सांगावं. आमचे कार्यकर्ते ते घेऊन येतील.

यंदा जे चालायला जाणार आहेत, त्यांना वेगळी विनंती. झाडीत शिरताना प्रत्येकाने किलोभर पीठ आणि पावशेर डाळ झोळीत ठेवा आणि मुक्कामाला पोचल्याबरोबर, कोणी विचारायच्या आत, बाईंच्या हाती द्या.

सामान दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत गोळा करू. भाऊबीज झाली की टेम्पो नाशिक, धुळे, शहादामार्गे धडगावला जाईल. तिथून जीप, आणि जीप थांबेल तिथून पुढे डोक्यावर. म्हणून एक गोणी दहा किलोपेक्षा जड नको. वाहायला तरुण मुलं-मुली हवी आहेत; चार दिवस सवड काढा, चढ चालायची सवय असू द्या.

नर्मदे हर!

ठाण्यातल्या परिक्रमावासींच्या वतीने