न बांधलेल्या हेलिकॉप्टरांचे कागद उघडा: संरक्षणमंत्र्यांना मिरजेहून खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) बंगळुरूच्या डिझाइन केंद्रात जी हेलिकॉप्टर कागदावर उतरली, कधी मॉकअप (न उडणारा पूर्णाकृती सांगाडा) म्हणून उभी राहिली, एखाददुसऱ्या नमुन्याने चार गिरट्याही मारल्या, पण जी उत्पादनात कधी गेली नाहीत, त्यांचे जुने आराखडे आणि ती का थांबली याची टिपणे लोकांसाठी खुली करावीत, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. शस्त्रे, सेन्सर, सांकेतिक यंत्रणा असे जे झाकायचे असेल ते खुशाल झाकून ठेवा. मी बोलतोय ते पाती, ती जिथे जोडली जातात ते रोटरचे डोके, गिअरबॉक्स आणि हलणारी-थरथरणारी केबिन यांच्याबद्दल.

मी शास्त्रज्ञ नाही. मिरज एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून आयुष्य काढले. बिडाचा पंप ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो, तोही आकाराने किंचित मोठा, कारण धातू थंड होताना आकसतो. आमच्या शॉपच्या माळ्यावर असे कितीतरी सागवानी पॅटर्न पडून होते ज्यांचा एकही माल कधी गिऱ्हाइकाकडे गेला नाही. पण प्रत्येकाच्या पाठीवर ऑइल पेंटने कारण लिहिलेले असायचे: ‘कोअर सरकतो’, ‘फ्लँजला ब्लो होल’, ‘पार्टीने ऑर्डर रद्द केली’. नवा पोरगा रुजू झाला की मेस्त्री त्याला हातात रंधा देण्याआधी माळ्यावर पाठवायचे. चालू पॅटर्नवरून त्याला काय करायचे ते कळायचे. हे का केले नाही, ते माळ्यावरच कळायचे.

हेलिकॉप्टरच्या धंद्यात हा माळा फार मोठा आहे. १९६२ मध्ये अमेरिकेच्या बेल कंपनीने तिथल्या लष्कराला ‘इरोक्वाय वॉरियर’ नावाचा पूर्णाकृती मॉकअप दाखवला. अंगाने चिंचोळा, दोन माणसे शेजारी न बसता एकामागे एक, मागचा जरा उंचावर. तो कधीच उडाला नाही. पण त्याच कल्पनेतून तीन वर्षांत ‘कोब्रा’ हे लढाऊ हेलिकॉप्टर उडाले, आणि आज आपल्या ‘प्रचंड’ या लढाऊ हेलिकॉप्टरमध्येही दोघे पुढे-मागेच बसतात. सोव्हिएत रशियाच्या मिल संस्थेने व्ही-१२ हे आजवरचे सर्वांत मोठे हेलिकॉप्टर बांधले, १९६९ मध्ये त्याने ४४ टनांहून जास्त वजन २२५५ मीटर उंचीवर नेले. दोनच बांधली गेली. एक आजही मॉस्कोजवळच्या मोनिनो संग्रहालयात उभे आहे, कुणीही जाऊन बघावे. ब्रिटनच्या ‘रोटोडाइन’ची कथा मला जास्त चटका लावते. पात्यांच्या टोकांना जेट बसवून १९५७ मध्ये उडालेले हे यान साधारण ४० प्रवासी नेणार होते. पण पात्यांच्या टोकांचा आवाज शहरांना सोसवणारा नव्हता. १९६२ मध्ये प्रकल्प गुंडाळला, यानाचे तुकडे केले. उरलेले तुकडे मात्र तिथल्या हेलिकॉप्टर संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

आता जरा सविस्तर एकच उदाहरण देतो, कारण ते फिरून आपल्याच दारात येते. हेलिकॉप्टर पुढे पळू लागले की एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाते आणि दुसऱ्या बाजूचे मागे येते. सामोऱ्या पात्याला वेग ज्यादा मिळतो, मागे येणाऱ्याला कमी. एका मर्यादेपुढे मागे येणारे पाते उचलच धरत नाही, म्हणून साधे हेलिकॉप्टर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास धापा टाकायला लागते. सिकोर्स्की कंपनीने यावर तोडगा काढला: एकावर एक दोन ताठ रोटर, उलट दिशांना फिरणारे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक पाते नेहमी वाऱ्याला सामोरे. हे एक्सएच-५९ए १९७३ मध्ये उडाले. पुढे जादा जेट इंजिने लावून ते ताशी ४४० किलोमीटरपर्यंत गेले. पण इंधन ढोसायचे भलतेच, थरथर अशी की माणूस बेजार, आणि सगळा पसारा सांभाळायला दोन पायलट लागायचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबवले.

गंमत पुढे आहे. थांबवलेल्या त्या हेलिकॉप्टरच्या चाचण्यांचे अहवाल नासाने उघडे ठेवले. मिरजेच्या माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरही ते उतरवून घेता येतात. आणि पंचवीसेक वर्षांनी सिकोर्स्कीनेच तीच कल्पना पुन्हा हाती घेतली. थरथर मारणारी यंत्रणा नवी, उडवण्याची यंत्रणा विजेच्या तारांतल्या संदेशांवर चालणारी, इंजिन एकच. ते ‘एक्स-२’ २०१० मध्ये २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या वर गेले. ते एकमेव इंजिन कुठले? टी-८००. ते बनवले होते ‘कोमांची’ या हेलिकॉप्टरसाठी, जे दोन नमुने आणि सुमारे सात अब्ज डॉलर खर्चून २००४ मध्ये रद्द झाले. म्हणजे एका मेलेल्या प्रकल्पाचे रोटर आणि दुसऱ्या मेलेल्या प्रकल्पाचे इंजिन, असे मिळून ते उडाले.

साहेब, याच इंजिनाची निर्यातीची आवृत्ती, सीटीएस-८००, एचएएलच्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरसाठी निवडली होती. नव्वदच्या दशकात एका नमुन्याला ते लावून उडवलेही. १९९८ मध्ये पोखरण झाले, अमेरिकेने निर्बंध घातले आणि इंजिन हातचे गेले. मग फ्रान्सच्या टर्बोमेका कंपनीबरोबर ‘शक्ती’ हे इंजिन घडले. बातम्यांत आम्ही वाचतो ते इतकेच: निर्बंध आले, आपण खचलो नाही, ‘शक्ती’ बनवले. अभिमान आहेच. पण इंजिन बदलले तेव्हा गिअरबॉक्सचे काय करावे लागले, वजनाचा तोल कुठे गेला, हवा आत घेण्याचे तोंड किती वेळा बदलले, हे ज्या मुलांना उद्या हेच काम करायचे आहे त्यांना वाचायला मिळायला हवे. अमेरिकनांचे फसलेले हेलिकॉप्टर आमची मुले वाचतात. आपले मात्र ब्रोशर वाचतात.

आपण म्हणाल, संरक्षणाचे कागद असे कसे उघडायचे? आपल्याच मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धे आणि लष्करी मोहिमांच्या इतिहासाबद्दल धोरण जाहीर केले. त्यात कागदपत्रे सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुली व्हावीत असे म्हटले आहे. युद्धाचा इतिहास २५ वर्षांनी वाचायला चालतो, तर १९८४ मध्ये एमबीबी या जर्मन कंपनीशी करार करून सुरू झालेल्या आणि १९९२ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ‘ध्रुव’चे टाकून दिलेले पर्याय का चालू नयेत? २००१ पासून बंगळुरात एचएएलचे स्वतःचे संग्रहालय आहे. नवी इमारत बांधायची, फीत कापायची गरज नाही.

आता मिरजेच्या माणसाला याची उठाठेव का, ते सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जण गेले. त्या दिवसांत वर हेलिकॉप्टरचा आवाज आला की गच्चीवरचे लोक चादरी हलवायचे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खचले. दोन-चार दिवसांनी मुख्यमंत्री हेलिकॉप्टरने कोयनानगरला यायला निघाले, तर ढगांमुळे उतरता आले नाही, पुण्याला परतावे लागले. मुख्यमंत्र्यांची ही गत, तर दरडीखालच्या वाडीची काय!

आपली हेलिकॉप्टर सियाचीन डोळ्यांसमोर ठेवून घडली, आणि ते बरोबरच होते. विरळ हवेत उचल मिळवणे हा तिथला प्रश्न. कृष्णाकाठचा प्रश्न वेगळा. इथे उंची जेमतेम साडेपाचशे मीटर. हवी ती मोठी केबिन, रात्री आणि पावसात एका जागी स्थिर राहण्याची सोय, आणि पात्यांचा खाली येणारा वारा बेताचा, नाहीतर ज्याला वाचवायला गेलो त्याच्याच घरावरची कौले उडायची. हा वारा रोटरच्या घेराच्या मानाने वजन किती यावर ठरतो. म्हणून टिल्टरोटरसारखी (रोटर पुढे कलवून विमानासारखी उडणारी) वेगवान पण छोट्या रोटरची याने दोरीने माणसे उचलायला त्रासाची, आणि मोठ्या रोटरचे संथ, गरीब हेलिकॉप्टर आमच्या कामाचे. वेगाचे विक्रम आम्हाला नकोत. असा पर्याय बंगळुरूच्या कुठल्या टेबलावर काढला गेला असेल आणि सैन्याने मागितला नाही म्हणून बाजूला पडला असेल, तर तो कागद आमच्यासाठी सोन्याचा आहे.

रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या जागी येणारे एचएएलचे १३ टनी ‘आयएमआरएच’ हे बहुउद्देशी हेलिकॉप्टर आजही आराखड्यातच आहे. त्याचे मॉडेल एरो इंडिया या विमान-प्रदर्शनात मांडले जाते. म्हणजे वेळ गेलेली नाही. पुरातली सुटका ही त्याच्या मागण्यांच्या यादीत तळटीप म्हणून नको, मूळ मागणी म्हणून हवी, आणि त्यासाठी कोणते पर्याय तपासले, कोणते टाकले, हे आत्तापासूनच लिहून ठेवावे. नंतर आठवून लिहिलेले कारण खरे नसते, हे माळ्यावरच्या मेस्त्रीलाही ठाऊक होते.

एचएएलचे मूळ १९४० मध्ये वालचंद हिराचंदांनी घातले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. १९६४ मध्ये आजची एचएएल आकाराला आली तेव्हा आपल्या खुर्चीवर आमच्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव होते. हा हक्क धरूनच मराठीत लिहितोय. दिल्लीत भाषांतर करणारे कुणीतरी असेलच.

सगळी फडताळे एकदम उघडा असे म्हणत नाही. सुरुवात सीटीएस-८०० लावलेल्या त्या नमुन्याच्या फायलीपासून करा, तिची २५ वर्षे केव्हाच भरली आहेत. एक प्रत वालचंद महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला पाठवा. पोस्टाचा खर्च लागल्यास मी देतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
मिरज, जि. सांगली